खिळ्याविना सहा हजार मैल

एका लाकडी जहाजाला २०,००० भोकं पाडायची, एकही खिळा मारायचा नाही, आणि मग ते भर समुद्रात सोडून चीनला न्यायचं. असा बेत कुणी सांगितला तर ऐकणारा त्याला वेड्यात काढेल. प्रवासी लेखक टिम सेव्हरिन यांनी तो १९८० साली ओमानमधल्या सूर बंदरात प्रत्यक्षात आणला. ८७ फुटांचं ते जहाज शिवलेलं होतं. फळीला फळी सुंभानं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या दोरीनं, घट्ट बांधलेली. त्यासाठी लागलेला सुंभ भरला ४०० मैल, म्हणजे जवळपास ६४० किलोमीटर. पनवेलला त्याचं टोक धरून मुंबई-गोवा महामार्गानं तो उलगडत निघालो, तर अख्खं कोकण मागे पडून गोव्यात शिरलो तरी गुंडाळी संपलेली नसेल.

सेव्हरिन १८ डिसेंबर २०२० रोजी आयर्लंडमधल्या वेस्ट कॉर्कमध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी गेले. त्यांच्याविषयी लिहिताना सगळे आधी मैल मोजतात. ते मोजण्यासारखे आहेतच. पण त्यांच्या मोहिमांमधले डोळे विस्फारणारे आकडे किनाऱ्यावरचे आहेत: भोकांचे, टाक्यांचे, कातड्यांचे, नारळांचे. समुद्र ओलांडण्याचं निम्म्याहून अधिक काम बोट पाण्यात पडण्याआधीच होऊन जातं, आणि ते करणाऱ्या माणसांची नावं इतिहासाच्या कुठल्याच पानावर सापडत नाहीत. सेव्हरिन यांनी ते काम पुन्हा करायला घेतलं, म्हणून त्याचा हिशेब जगापुढे आला.

त्यांचा जन्म आपल्याच देशातला. आसाममधलं जोरहाट, २५ सप्टेंबर १९४०. शिक्षण इंग्लंडमध्ये, पुढे ऑक्सफर्डच्या केबल कॉलेजात. तिथं शिकत असतानाच, १९६१ साली, दोन मित्रांना घेऊन ते मोटरसायकलवरून मार्को पोलोच्या वाटेवर निघाले. चीनचं दार बंद होतं, त्यामुळे तो प्रवास पुरा झाला नाही. पण जुना ग्रंथ वाचायचा आणि त्यात लिहिलेलं खरं की खोटं हे पायांनी, चाकांनी, शिडांनी तपासायचं, ही त्यांची आयुष्यभराची रीत इथंच ठरली. गंमत अशी की याच मार्को पोलोनं होर्मुझ बंदरातली शिवलेली जहाजं पाहून नाक मुरडलं होतं. लोखंडी खिळे नाहीत, नारळाच्या दोरीनं शिवतात, त्यातून प्रवास करणं धोक्याचं, असं त्याचं मत. त्या मताची परीक्षा सेव्हरिन यांनी पुढे वीस वर्षांनी घेतली. त्याआधी त्यांच्या वाट्याला आली कातड्याची बोट.

सेव्हरिन यांच्या पत्नी डोरोथी मध्ययुगीन साहित्याच्या अभ्यासक. आयर्लंडमधल्या कोर्टमॅकशेरी गावातल्या घरी, स्वयंपाकघराच्या टेबलावर, एका संध्याकाळी बोलणं निघालं ते सहाव्या शतकातल्या संत ब्रेंडनच्या लॅटिन प्रवासकथेवरून. या आयरिश साधूनं कातड्याच्या होडीतून पश्चिमेकडचा समुद्र पार केला, असं ती कथा सांगते. देवमाशाच्या पाठीवर उतरणं, समुद्रातला स्फटिकाचा खांब, जळते गोळे फेकणाऱ्या लोहारांचं बेट, असे सगळे चमत्कार तिच्यात आहेत. डोरोथी यांना त्यात वेगळंच काही दिसलं. संतकथांमध्ये सहसा न आढळणारे व्यवहारी तपशील या कथेत होते: होडी कशी बांधली, कातडं कशात कमावलं, त्यावर कसली चरबी चोळली. म्हणजे लिहिणाऱ्याला बोटबांधणी ठाऊक होती. मग त्या कृतीनं बोट बांधली तर ती अटलांटिक ओलांडेल का?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी कातडं लागलं ४९ बैलांचं. कथेत लिहिल्याप्रमाणे ते ओकच्या सालीत कमावलेलं हवं. वेगवेगळ्या पद्धतींनी कमावलेल्या कातड्यांचे नमुने आधी प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा ओकच्या सालीतलंच सरस ठरलं. पण तसं कातडं कमावणारे उरले होते किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातल्या ग्रॅमपाउंड गावात क्रॉगन कुटुंबाचा जुना कारखाना अजून तग धरून होता. रासायनिक पद्धतीनं जे काम भराभर उरकतं, त्याला सालीच्या पाण्यात महिनोन्‌महिने जातात. तिथून कातडी आली. बोटीचा आराखडा कॉलिन मडी यांनी काढला. कॉर्क परगण्यातल्या क्रॉसहेवनच्या गोदीत अ‍ॅश आणि ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा राहिला, तोही खिळ्यांशिवाय. त्याचे सांधे चामड्याच्या वाद्यांनी बांधले. त्या वाद्यांची एकूण लांबी जवळपास दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. बोट किती लांब? ३६ फूट. अकरा मीटरच्या बोटीत तीन किलोमीटर चामड्याची वादी, आणि तिची प्रत्येक गाठ हातानं आवळलेली.

या सांगाड्यावर ४९ कातडी एकमेकांना शिवून, ताणून बसवली आणि त्यांना मेंढीच्या लोकरीची चरबी चोळली. कातड्याची जाडी पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडी वर. अटलांटिक महासागराची सरासरी खोली ३,६०० मीटरच्या आसपास. भागाकार केला तर खालचं पाणी मधल्या भिंतीच्या साडेपाच लाख पटींहून अधिक खोल. लाटेबरोबर ती भिंत आत-बाहेर हलायची, श्वास घेतल्यासारखी, आणि कडेला टेकून झोपलेल्या माणसाच्या पाठीला समुद्र हालताना जाणवायचा.

१७ मे १९७६ रोजी केरी परगण्यातल्या ब्रँडन क्रीकमधून ‘ब्रेंडन’ निघाली. हेब्रिडीज बेटं, फॅरो बेटं करत ती आइसलँडला पोचली. थंडीचे महिने तिथं काढून ७ मे १९७७ रोजी चौघे पुन्हा निघाले. त्यांत फॅरो बेटांवरचे चित्रकार ट्रोंडर पाटुर्सन होते. ते समुद्रपक्षी पकडायचे, आणि त्या रात्रीचं जेवण व्हायचं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आणलेलं आधुनिक खाणं ओल लागून नासलं, तेव्हा धुरावलेलं आणि खारवलेलं मांस, सुकामेवा, ओट अशा जुन्या शिध्यानं तारलं. आइसलँडनंतर सेव्हरिन यांनी जुन्याच शिध्यावर अधिक भर दिला. थंडीबद्दलचा अंदाजही उलटा ठरला. कातड्याला गारठा बाधेल असं वाटण्याजोगं होतं, पण गार पाण्यात ती लोकरीची चरबी घट्ट बसायची आणि कातडं अधिक टिकायचं. कथेतला उत्तरेचा मार्ग कातड्याच्या बोटीला मानवणारा होता.

मग लॅब्राडोरजवळच्या बर्फानं गाठलं. कातडं फाटलं आणि पाणी आत येऊ लागलं. रात्रभर आळीपाळीनं पंप मारत राहायचं, इतकंच हाती होतं. सकाळी भोक सापडलं ते पाण्याच्या रेषेजवळ. लाकडी बोटीला असं भोक पडलं असतं तर फळी बदलायला सुतार, लाकूड, गोदी लागली असती. इथं लागलं एक ठिगळ, सुई आणि दोरा. चौघांतले जॉर्ज मोलोनी बाहेरून काठावरून खाली लोंबकळले. लाट आली की डोकं बर्फाळ पाण्यात जायचं. आतून सुई बाहेर टोचायची, बाहेरच्यानं ती चिमट्यानं ओढायची, पुन्हा आत खुपसायची. बधिर झालेल्या बोटांनी, एकेक टाका करत ते ठिगळ बसलं, आणि पाणी थांबलं. २६ जून १९७७ रोजी ‘ब्रेंडन’ न्यूफाउंडलंडच्या पेकफर्ड बेटाला लागली. एकूण अंतर ४,५०० मैल, ७,२०० किलोमीटर. या शेवटच्या टप्प्याला लागले ५० दिवस.

ब्रेंडन कोलंबसाच्या हजार वर्षं आधी अमेरिकेला पोचला, हे यातून सिद्ध झालं का? नाही, आणि सेव्हरिन यांनी तसा दावा केलाही नाही. आयरिश साधूंचा अमेरिकेत वावर होता असं दाखवणारी एकही वस्तू आजवर जमिनीतून निघालेली नाही. त्यांनी दाखवलं ते इतकंच की त्या काळच्या सामानानं, त्या काळच्या कृतीनं हा प्रवास होऊ शकतो. स्फटिकाचा खांब म्हणजे हिमनग असेल, लोहारांचं बेट म्हणजे आइसलँडचा ज्वालामुखी असेल, हे आता बोटीतून पाहिलेला माणूस सांगत होता. इतिहासात ‘झालं’ आणि ‘होऊ शकतं’ यांत मोठं अंतर असतं. त्यातलं पाऊण अंतर सेव्हरिन यांनी ४९ कातड्यांवर बसून कापलं.

आता पुन्हा सूर बंदरात येऊ. सिंदबादच्या सात सफरी ही निव्वळ कल्पना आहे, की आठव्या ते अकराव्या शतकात चीनपर्यंत व्यापार करणाऱ्या अरब खलाशांच्या अनुभवांतून त्या आल्या आहेत? ते पाहायचं तर त्या खलाशांसारखं जहाज हवं, म्हणजे शिवलेलं. सुलतान काबूस यांच्या सरकारनं ओमानच्या वतीनं खर्च उचलला. जहाजाला नाव मिळालं ‘सोहार’, सिंदबादचं गाव म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बंदराचं.

ओमानच्या किनाऱ्यावर ना मोठं लाकूड, ना सुंभ. दोन्ही आलं अरबी समुद्राच्या आपल्या काठावरून, जसं हजार वर्षांपूर्वीही येत असे. लाकूड मलबारच्या जंगलातलं, फणसाच्या कुळातलं आयनी. सुंभ आणि तो ओवणारे हात लक्षद्वीपचे. अरबांच्या ज्या जहाजांनी चीन गाठला, त्यांच्या फळ्या आणि दोऱ्या भारताच्या होत्या. ही गोष्ट सिंदबादच्या कथांत कुठे ठळकपणे येत नाही, पण ‘सोहार’ बांधताना ती टाळताच आली नाही.

एका नारळापासून सुरुवात करू. सोडण खाऱ्या पाण्यात, खड्ड्यात महिनोन्‌महिने कुजवायचं. मग लाकडी मोगरीनं बडवून त्यातला भुसा काढून टाकायचा, तंतू वाळवायचे, तळहातावर वळून सुंभ करायचा. ‘सोहार’साठी सुमारे ७५,००० नारळांची सोडणं लागली. एका माडाला वर्षाला ८० नारळ धरले, तर साडेनऊशेच्या आसपास माडांचं वर्षभराचं पीक. या सगळ्यातून वळला गेला ६४० किलोमीटर सुंभ, वजनानं सुमारे चार टन. म्हणजे एका सोडणातून साडेआठ मीटरच्या आसपास, आणि एका मीटरचं वजन सहा ग्रॅम. सहा-सहा ग्रॅमच्या मीटरांनी ८७ फुटांचं जहाज धरून ठेवायचं होतं, हिंदी महासागराच्या लाटांत, महिनोन्‌महिने.

शिवण्याची पद्धत अशी. दोन फळ्या कडेला कड लावून ठेवायच्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी भोकांची ओळ पाडायची. आतल्या अंगानं सांध्यावर काथ्याची जाड वळकटी दाबून बसवायची. एक माणूस आत, एक बाहेर. आतल्यानं सुंभ भोकातून बाहेर द्यायचा, बाहेरच्यानं तो वरच्या भोकातून परत आत ढकलायचा. मग आतला माणूस दांड्याला सुंभाचा वेढा घालून पाय रेटून ओढायचा, इतका की वळकटी करकरायची आणि फळी फळीत रुतायची. प्रत्येक ओढीबरोबर ठोके मारून ताण बसवायचा. शेवटी भोकं काथ्यानं बुजवायची. बाहेरून चुना आणि चरबी कालवून लेप, म्हणजे लाकूड पोखरणारी समुद्रातली कीड आत शिरत नाही.

आता पुन्हा भागाकार. जहाज बांधून झालं १६५ दिवसांत. २०,००० भोकं भागिले १६५ म्हणजे दिवसाला १२१. दहा तासांचा कामाचा दिवस धरला तर दर पाच मिनिटांना एक भोक, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, एकही दिवस न चुकता. एकूण सुंभ भोकांच्या संख्येनं भागला तर दर भोकामागे ३२ मीटर. एका भोकामागे दहा मजली इमारतीच्या उंचीइतका सुंभ! आणि या वीस हजारांपैकी प्रत्येक भोक पाण्याला आत येण्याची उघडी वाट होती. एका ठिकाणचा हात ढिला पडला असता तर बाकीच्या १९,९९९ ठिकाणच्या मेहनतीचा उपयोग किती राहिला असता?

शिवलेलं जहाज कमकुवत, हा मार्को पोलोचा ग्रह आपल्याही मनात असतो, कारण खिळा म्हणजे मजबुती असं आपण धरून चालतो. पण खिळा जिथं आहे तिथं ताठ राहतो, खारं पाणी त्याला गंज चढवतं, आणि भोवतीचं लाकूड कुजायला लागतं. सुंभ लाटेबरोबर थोडा देतो आणि पुन्हा जागेवर येतो. वाळूवर आपटणाऱ्या, किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागणाऱ्या जहाजाला ही लवचिकता मोलाची. शिवाय शिवण उसवून फळी बदलता येते, जहाज मोडावं लागत नाही. ‘ब्रेंडन’चं ठिगळ आणि ‘सोहार’ची शिवण हे एकाच शहाणपणाचे दोन अवतार आहेत. जी वस्तू सुई-दोऱ्यानं बनते, ती भर समुद्रात सुई-दोऱ्यानं दुरुस्तही होते.

२३ नोव्हेंबर १९८० रोजी वीसेक माणसांना घेऊन ‘सोहार’ ओमानहून निघालं. त्यात ओमानी खलाशी होते आणि युरोपातून आलेले शास्त्रज्ञ-पाणबुडेही. लक्षद्वीप, कालिकतचा किनारा, श्रीलंका करत ते पुढे गेलं. श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या मध्ये वारा पडला. जहाजाचं मुख्य परबाण, म्हणजे शीड तोलून धरणारं आडवं लाकूड, मोडलं. नैर्ऋत्य मोसमी वारा यायचा बाकी. दिवसामागून दिवस शिडं लोंबत राहिली, पिण्याचं पाणी आटत गेलं, आणि पाऊस आला तेव्हा ताडपत्र्या पसरून तो साठवून घ्यावा लागला. जुन्या अरब खलाशांचं सगळं वेळापत्रक मोसमी वाऱ्यावर का बेतलेलं असे, ते पुस्तकात वाचून कळतं. पण तो वारा आला नाही तर काय होतं, ते या माणसांना तहानेनं कळलं. पुढे मलाक्काची सामुद्रधुनी, सिंगापूर, दक्षिण चिनी समुद्र, आणि जुलै १९८१ मध्ये ग्वांगझू. साडेसात महिने, सुमारे ६,००० मैल. मुक्काम धरून दिवसाला सरासरी २६ मैल. आज मस्कतहून ग्वांगझूला विमान सातेक तासांत पोचतं.

याच पाण्यातून आज चारशे मीटर लांबीची मालवाहू जहाजं जातात. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ हे त्यातलंच. ‘सोहार’सारखी पंधरा जहाजं एकामागे एक लावली तर त्याची लांबी भरते. त्याची क्षमता वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात २०,००० च्या वर, म्हणजे ‘सोहार’ला जितकी भोकं साधारण तितके डबे. हिंदी महासागरातून माल नेण्याची ही दोन टोकं. पण दूरचा किनारा आणि इथला बाजार यांना बांधणारी जी वाट आज कंटेनर वापरतात, ती मळवली सुंभाच्या जहाजांनी.

‘सोहार’नंतरही सेव्हरिन थांबले नाहीत. १९८४ मध्ये त्यांनी ग्रीक पुराणातल्या जेसनसाठी २० वल्ह्यांची, ५४ फुटी ‘आर्गो’ बांधवून घेतली आणि ग्रीसमधल्या व्होलोसहून निघून काळ्या समुद्रापलीकडच्या जॉर्जियापर्यंत १,५०० मैल गाठले. वारा असेल तेव्हा शीड, नसेल तेव्हा हात. एका वल्हवणीत बोट पाच मीटर सरकते असं धरलं, तर नुसत्या वल्ह्यांनी हे अंतर कापायला प्रत्येक माणसाला ४,८०,००० वेळा वल्हं ओढावं लागेल. त्यातला अर्धा भार शिडानं उचलला असं मानलं तरी तळहाताला फोड येऊन, फुटून, घट्टे पडायला तेवढं पुरेसं आहे. पोचल्यावर त्यांना जॉर्जियाच्या डोंगरातले लोक भेटले, जे नदीच्या प्रवाहात मेंढीचं कातडं पसरून सोन्याचे कण अडवायचे. सोनेरी लोकरीची कथा कशावरून आली असेल, याचा धागा तिथं हाती लागला.

१९९३ ची मोहीम मात्र फसली, आणि माझ्या मते तीच सगळ्यात बोलकी. चीनचा पहिला सम्राट शिहुआंग यानं अमरत्वाचं औषध शोधायला शू फू नावाच्या माणसाला पूर्वेच्या समुद्रात धाडलं, अशी आख्यायिका आहे. बांबूच्या तराफ्यावरून पॅसिफिक ओलांडता येईल का, हे पाहण्यासाठी सेव्हरिन यांनी व्हिएतनामच्या साम सोन गावात ६० फुटी तराफा बांधवला. बांबू लागले २२०, आणि ते बांधले वेतानं. १०५ दिवसांत तराफ्यानं ५,५०० मैल कापले. ताशी हिशेब केला तर साडेतीन किलोमीटर, रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. अमेरिकेचा किनारा १,००० मैलांवर आला होता. त्याच चालीनं आणखी जेमतेम १९-२० दिवसांची वाट. पण बांधणी सुटायला लागली, बांबू एकेक करून मोकळे होऊन वाहून जाऊ लागले. सेव्हरिन यांनी माणसांचा जीव पणाला लावला नाही. जवळून जाणाऱ्या जहाजानं सगळ्यांना उचललं. तराफा बुडाला नव्हता. हार खाल्ली ती बांधणीनं. ‘सोहार’ला चीनपर्यंत नेलं ते बांधणीनं, आणि इथं बांधणीच सुटली. समुद्रप्रवासाचं मर्म बांधणीत आहे, हे यशानं जितकं सांगितलं त्याहून स्पष्ट या अपयशानं सांगितलं.

सेव्हरिन यांच्या पद्धतीवर विद्वानांचा एक आक्षेप कायम राहिला: नक्कल करून दाखवली म्हणजे इतिहास सिद्ध होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण १९९८ मध्ये, ‘सोहार’ ग्वांगझूला पोचल्यानंतर १७ वर्षांनी, इंडोनेशियाच्या बेलितुंग बेटाजवळ पाणबुड्यांना समुद्रतळाशी एक जहाज सापडलं. नवव्या शतकातलं, पश्चिमेकडच्या अरबी घडणीचं, आणि शिवलेलं. पोटात चिनी मातीच्या भांड्यांचा साठा: सुमारे ६०,००० नग. एका वाडग्यावर कोरलेली तारीख इसवी सन ८२६ ची. एका जहाजाच्या एका खेपेत साठ हजार भांडी! म्हणजे ही हौशी सफर नव्हती, तो व्यवसाय होता, ठरलेल्या बाजारासाठी मोजून भरलेला माल होता. सेव्हरिन यांनी ‘होऊ शकतं’ म्हटलं होतं, समुद्रानं ‘झालं’ असं उत्तर दिलं. पुढे त्या जहाजावरून ‘ज्वेल ऑफ मस्कत’ हे १८ मीटरचं शिवलेलं जहाज ओमानमध्ये बांधलं गेलं आणि २०१० मध्ये सिंगापूरला पोचलं.

हा धागा आता आपल्या दारापर्यंत आला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रात, पाचव्या शतकाच्या सुमारास रंगवलेलं एक शिडाचं जहाज आहे. त्या चित्रावरून भारतीय नौदल आणि केंद्रीय संस्कृती मंत्रालय यांनी गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सकडून १९.६ मीटर लांबीचं शिवलेलं जहाज बांधवून घेतलं. २०२३ च्या सप्टेंबरात पठाण, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, बसवला, २०२५ च्या फेब्रुवारीत जहाज पाण्यात उतरलं, आणि २१ मे २०२५ रोजी कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावानं नौदलात दाखल झालं. लेणीतलं चित्र पाहून जहाज बांधायचं म्हणजे आराखडा नाही, मापं नाहीत. ती गणितानं आणि चाचण्यांनी बसवावी लागली. पण फळ्या शिवल्या त्या केरळच्या कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या हाताखाली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ‘कौंडिण्य’ पोरबंदरहून मस्कतकडे निघालं. ज्या समुद्रातून कधीकाळी सुंभ आणि लाकूड ओमानला गेलं, तोच हा समुद्र.

या सगळ्या आकडेमोडीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो एक छोटा आकडा: कारागिरांचा. नारळ ७५,००० मिळाले, भोकं २०,००० पाडता आली, मैल हजारोंनी कापता आले. पण ओकच्या सालीत कातडं कमावणारं कुटुंब शोधावं लागलं, आणि जहाज शिवता येणारी माणसं सेव्हरिन यांना १९८० मध्येही मोजकीच सापडली. ते एका पिढीनं उशिरा निघाले असते तर कदाचित सामान जमलं असतं, पण ते कसं वापरायचं हे सांगणारं कुणी भेटलं नसतं. सगळा ग्रंथसंग्रह हाताशी असूनही ‘सोहार’ झालं नसतं, कारण सुंभ किती ताणायचा हे कुठल्याच ग्रंथात लिहिलेलं नाही. ते तळहाताला माहीत असतं, आणि एका तळहाताकडून दुसऱ्याकडे शेजारी बसून कामातच जातं.

म्हणून सेव्हरिन यांचं स्मरण करायचं तर त्यांच्या धाडसाचं कौतुक पुरत नाही. धाडसी माणसं दर पिढीत निपजतात. प्रत्येक मोहिमेच्या सुरुवातीला कारागिराच्या दारात जाऊन त्याला विचारणं, त्याच्या शब्दावर आपला जीव टांगणं, आणि परतल्यावर आपल्या पुस्तकात त्याला नावानिशी जागा देणं, हे त्यांचं मोठेपण. आपल्या किनाऱ्यावर रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत लाकडी होड्या बांधणारे सुतार आजही आहेत. फायबरच्या बोटी आल्यावर त्यांचं काम घटलं, मुलं दुसऱ्या धंद्याला लागली. त्यांच्याकडे काय आहे ते विचारायला, मापं घ्यायला, हात चालतात कसे ते टिपून ठेवायला जहाज बांधण्याइतका पैसा लागत नाही. एक वही आणि त्यांच्याजवळ बसायची तयारी एवढ्यावर ते काम सुरू होतं, आणि ते आताच सुरू करायला हवं.